आप्पांनी माझी बदली केली

आमच्या आप्पांना एखाद्याचं काम पटलं नाही, की ते त्याला नावं ठेवत नसत. त्याची बदली करून मोकळे होत. तीही चारचौघांत. लग्नात भात कच्चा राहिला तर पंगतीत बसल्या बसल्या सांगत, "आचाऱ्याला मांडवाच्या कामाला घाला आन् मांडववाल्याला चुलीवर बसवा. दोघांचंबी भलं व्हईल." पाण्याच्या टाकीवरून ग्रामसभेत भांडण लागलं, तेव्हा आमच्या निमोण्याचे सरपंच शेजारच्या गावाला देऊन टाकावेत आणि बदल्यात तिथला ग्रामसेवक आणि एक वायरमन घ्यावा, असा ठराव त्यांनी उभं राहून मांडला होता. सगळ्यांत मोठ्यानं सरपंचच हसले. आप्पांचं म्हणणं असं, की माणूस सहसा वाईट नसतो, चुकीच्या जागी उभा असतो. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. अक्का म्हणत, "माझीबी एकदा करा म्हणलं बदली. तर म्हणत्यात, समोरनं तेवढ्या तोडीचं कोण द्याया तयार न्हाई."

ही खोड त्यांना बेसबॉलनं लावली होती.

शिरूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला बेसबॉल कुठून भेटला, तर सणसवाडीत. आप्पा तिथं एका कंपनीत डिस्पॅचला होते. नवं मशीन बसवायला एक जपानी इंजिनिअर आला होता. तो जेवणाच्या सुट्टीत गोडाऊनच्या भिंतीवर एकटाच बॉल मारत बसायचा. एकदा बॉल उसळून उभ्या ट्रकांच्या पलीकडं, वजनकाट्यापाशी गेला. आप्पांनी तो उचलला आणि तिथूनच फेकला, तो सरळ त्या माणसाच्या हातात. आप्पांना त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आप्पांच्या आणि आमच्या, दोन्ही घरांत आजोबांच्या पिढीपर्यंत मेंढरं होती. लहानपणी आप्पाही कळपामागं हिंडलेले. चुकार मेंढीला वळवायला तिच्या पुढ्यात दगड टाकायचा असतो. "मेंढीला लागला तर बा मारायचा, लांब पडला तर मेंढी जायाची," आप्पा सांगत. "मधली जी इतभर जागा हाय ना, तिथं मी बॉलिंग शिकलो." तो इंजिनिअर चालत आला, कमरेत वाकला आणि त्यानं दुसरा ग्लोव्ह आप्पांच्या हातात घातला. त्या दिवसापासून रोज दुपारी दोघं समोरासमोर उभे. ह्याला त्याची भाषा येत नव्हती, त्याला ह्याची. जाताना तो दोन ग्लोव्ह आणि सात बॉल आप्पांना देऊन गेला.

नोकरी सोडून आप्पा गावी आले आणि शेतीला लागले. दोन म्हशी घेतल्या. मोबाइलवर अमेरिकेतल्या मॅचेस दिसतात असं त्यांना कुणीतरी दाखवलं, आणि आप्पांच्या गोठ्यात रोज पहाटे अमेरिका उगवायला लागली. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली धारेची वेळ. फोन खांबाच्या खिळ्याला अडकवलेला, खाली चरवीत धारेचा आवाज आणि वर इंग्रजी कॉमेंट्री. नावं उच्चारता येत नसल्यामुळं त्यांनी सगळ्या खेळाडूंना आपली नावं दिली होती. एक जाडजूड बॅटर होता, तो खंडू. एक पिचर बॉल टाकायच्या आधी मान वाकडी करायचा, तो कावळा. एकाला नुसतंच पाव्हणा म्हणत, कारण तो कुठल्याच टीममध्ये एका हंगामाच्या वर टिकत नसे.

तिकडचा हंगाम अर्ध्यावर आला की आपला आषाढ असतो. त्या दिवसांत टीमांमध्ये खेळाडूंची अदलाबदल चालते. आप्पांना मग जेवण सुचत नसे. एका सकाळी ते दूध घालायला डेअरीवर आले आणि काट्यापाशी उभं राहून खिन्नपणे म्हणाले, "खंडूला दिला त्यांनी. दोन पोरांच्या बदल्यात." पुढचे दोन दिवस गावातली माणसं आप्पांच्या दारावरून जाताना हळहळत होती. त्यांना वाटलं आप्पांनी बैल काढला.

मी त्यांना सापडले ती नववीत असताना. शाळेच्या मागच्या चिंचेवर आम्ही मुली दगड मारत होतो. मी डावखुरी. घरात डाव्या हातानं वाढलं म्हणून बोलणी खाल्लेली, शाळेत त्याच हातानं लिहिते म्हणून पट्टी खाल्लेली. आप्पा सायकल थांबवून बघत राहिले. मला वाटलं ओरडणार. ते म्हणाले, "डावे, तो तिसऱ्या फांदीचा आकडा पाड बरं." मी पाडला. "त्याच्या शेजारचा." तोही पाडला. दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी येऊन नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना म्हणाले, "नाना, तुमच्या घरात सोनं हाय आन् तुम्ही त्याला जेवताना मांडीखाली दाबून ठेवाया लावताय." माझं नाव अश्विनी, पण आप्पांसाठी मी त्या दिवसापासून डावीच राहिले. एखाद्या शब्दाची लाज गेली की तो किती छान वाटतो, हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी गावातल्या तेरा मुली जमवल्या. बेस म्हणून मातीनं भरलेल्या युरियाच्या पिशव्या. बॅट सुताराकडून घडवलेली, बाभळीची, इतकी जड की पहिल्या महिन्यात बॉलपेक्षा बॅटच लांब गेली. आप्पा शिकवायचे कमी, बघायचे जास्त. मॅच संपली की सगळ्यांना ओळीनं बसवून ते प्रत्येकीला एकच वाक्य सांगत. दोन कधी नाही. "शेवंता, बॉल येताना डोळं मिटतीस, बॉल तुला खात न्हाई." "मनीषा, आज चांगली पळालीस, पर चुकीच्या बेसला." एकदा मला म्हणाले, "तू आज चार वेळा आईकडं बघितलंस." आई रस्त्याच्या कडेला भाजीची पिशवी घेऊन थांबली होती. मी बघितलं ते मलाही माहीत नव्हतं. त्यांच्या त्या एका वाक्याची आम्ही परीक्षेच्या निकालासारखी वाट बघायचो. आठवडाभर ते पुरायचं.

पुढं आमची रविवारची लीग सुरू झाली. चार टीम: निमोणे, केडगाव, दौंड आणि सणसवाडी. केडगावची टीम शाळेतल्या मुलींची. सणसवाडीत कंपन्यांत काम करणाऱ्या, खोल्या घेऊन राहणाऱ्या मुली. कुणी बिहारच्या, कुणी विदर्भातल्या, त्यांचं सगळं भांडण हिंदीत. दौंडची टीम रेल्वे कॉलनीतल्या मैदानावर एका मॅडमनी उभी केलेली. त्या स्वतः कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेल्या, उंच, कडक, आणि आप्पांशी वाद घालू शकणाऱ्या जगातल्या दोनच बायकांपैकी एक. दिवाळीनंतर सुरुवात, शिमग्याआधी फायनल, आणि मधे संक्रांतीपर्यंत खेळाडूंची अदलाबदल करायला मुभा. हा शेवटचा नियम अर्थात आप्पांचा.

नियम बदलायला चारही टीमची माणसं केडगाव स्टेशनच्या बाकावर जमत. आप्पांचं धोरण सोपं होतं: अमेरिकेत बदललं की आपल्याकडं बदललं पाहिजे. तिकडं बेस मोठे झाले, तेव्हा त्यांनी युरियाच्या पिशव्या काढून पेंडीची पोती आणली. तिकडं पिचरला घड्याळ लावलं, ठरलेल्या सेकंदांत बॉल टाकलाच पाहिजे, तेव्हा आप्पा कडेला उभं राहून मोठ्यानं आकडे मोजायला लागले. सणसवाडीची कॅप्टन वैतागून म्हणाली, "अंकल, हमारी पिचर आती है तो आपकी गिनती दौडती है." मॅडमनीही तिची बाजू घेतली. "आप्पा, तुमचे सेकंद घड्याळातले नाहीत."

"घड्याळातलंच हायत," आप्पा म्हणाले. "पर घड्याळ निमोण्याचं हाय."

शेवटी अंपायरच्या मोबाइलवर सेकंद लावायचं ठरलं.

एक नियम मात्र आप्पांना अमेरिकेतून आला तरी पटला नाही. मॅच बरोबरीत सुटली की जादा इनिंगमध्ये, आधीच्या इनिंगला शेवटी बाद झालेली मुलगी थेट दुसऱ्या बेसवर उभी करायची. म्हणजे निकाल लवकर लागतो. "न मारता, न पळता दुसऱ्या बेसवर?" आप्पा चिडून म्हणाले. "ह्यो खेळाडू हाय का जावई हाय?" पण सगळ्यांना परत घरी जायच्या गाड्या पकडायच्या असत, त्यामुळं तिघांनी हात वर केले आणि आप्पा हरले. तेव्हापासून आमच्या लीगमध्ये त्या बेसवरच्या मुलीला सगळे जावईच म्हणतात. अंपायरसुद्धा.

मी बारावीत होते त्या वर्षी आमची टीम सगळ्यांच्या पुढं होती, आणि ती माझ्या बॉलवर पुढं होती हे मला चांगलं ठाऊक होतं. संक्रांतीच्या दिवशी सकाळी आप्पा आमच्या दारात आले. आईनं तिळगूळ दिला. तो त्यांनी तोंडात टाकला, नीट चावून संपवला आणि म्हणाले, "डावे, तुझी बदली ठरवलीय. दौंडला."

मला थट्टा वाटली. "कुणाच्या बदल्यात?"

"स्टेला. त्यांची कॅचर."

नाना आतून बाहेर आले. त्यांना खेळातलं फारसं कळत नसे, पण एवढं कळलं. "आप्पा, पोरगी हाय ती. मेंढरू न्हाई बाजारात द्याया."

"मेंढराला कोण इचारत न्हाई, नाना. मी इचाराय आलोय. ती न्हाई म्हणली तर सौदा मोडला." मग ते माझ्याकडं वळले. "आपल्याकडं पिचर दोन हायत, कॅचर एकबी न्हाई. तुझा बॉल धरून शेवंताची दोन बोटं सुजली. दौंडाकडं कॅचर दोन हायत आन् पिचर न्हाई. दोन्हीकडं अडलंय."

"म्हणजे मी नको आहे तुम्हाला."

"पायजेस की," आप्पा म्हणाले. "पर कॅचर जास्ती पायजे."

ज्या सणाला सगळं जग गोड बोलतं, त्या सणाला हे वाक्य मी ऐकलं. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं असं वाटलं. मी आत गेले आणि न्हाणीघरात तोंड धुण्याच्या निमित्तानं बराच वेळ रडले. मग बाहेर येऊन हो म्हणाले. रागानं म्हणाले. मनात होतं, की आता असे बॉल टाकीन, की कॅचर कवटाळून बसाल.

माझी आत्या दौंडला राहायची. दर शनिवारी मी एसटीनं चौफुल्यापर्यंत, तिथून केडगाव स्टेशन आणि मग गाडीनं दौंड असा प्रवास करायला लागले. स्टेला उलट दिशेनं यायची. ती निमोण्यात आप्पांच्याच घरी उतरायची. आम्ही दोघी केडगावच्या फलाटावर एकमेकींना ओलांडत असू. पहिल्या शनिवारी मी तिच्याकडं बघितलंच नाही. तिसऱ्या शनिवारी तिनंच थांबवलं. काळीसावळी, रुंद खांद्यांची, एक दात किंचित पुढं. "तुमचे आप्पा मला प्रत्येक वेळी एकच वाक्य का सांगतात? माझं काही चुकलं का?"

"काय सांगितलं?"

"म्हणाले, 'तू बसतीस मांजरीगत आन् उठतीस म्हशीगत.'"

मला हसू आलं. "म्हणजे तुम्ही आवडलात त्यांना." मग मीही माझी तक्रार सांगितली: मॅडम मला दर खेपेला नखं दाखवायला लावतात. ती म्हणाली, सगळ्यांनाच लावतात, त्यांच्या सासूलाही लावत असतील. गाडी आली. पुढच्या शनिवारपासून आम्ही दहा मिनिटं लवकर यायला लागलो.

दौंडला मला रोजच्या रोज बॉल मिळत नव्हता, पण शनिवार-रविवार मिळून आठवड्याचा मिळायचा. हळू बॉल मी निमोण्यातही अधूनमधून टाकायची, पण मॅडमनी मला तो नीट टाकायला शिकवलं. हाताची फेक तीच, पण बॉल वाटेत रेंगाळल्यासारखा. बॅटर आधीच बॅट फिरवून बसते. तो बॉल घेऊन मी निमोण्याविरुद्ध खेळायला माझ्याच गावी आले. आई, नाना, आख्खी आळी बघायला. आणि माझ्या जुन्या मैत्रिणींनी मला धुतलं. हळू बॉल आला की शेवंता जणू आधीच ठाऊक असल्यासारखी थांबायची आणि मग मारायची. डोळे उघडे ठेवून. आम्ही वाईट हरलो.

मी बूट काढत बसले होते. आप्पा येऊन शेजारी उकिडवे बसले. "हळू टाकताना तू खालचा व्हट चावतीस," ते म्हणाले. "मी पोरींना सांगितलं. व्हट दिसला की थांबा."

"तुम्ही सांगितलंत?"

"मग. तू आता त्यांची पिचर हायस."

"आणि इतकी वर्षं मला का नाही सांगितलं?"

आप्पांचा आवाज बदलला. "मला दिसलंच न्हाई गं. तू माझ्या बाजूची व्हतीस. मी कायम तुझ्या मागं न्हाई तर बाजूला उभा. आज पयल्यांदा तुला समोरनं बघितली."

हे सांगून ते उठले, दोन पावलं गेले, परत आले आणि म्हणाले, "बाकी बॉल झकास हाय." त्यांच्याकडून मिळालेलं हे एकमेव दुसरं वाक्य.

टीम दौंडला परत गेली, त्या रात्री मी गावातच राहिले. घरीच आईजवळ झोपले आणि सकाळी आरशासमोर उभी राहून हात फिरवत ओठ सोडवायला शिकले. सोडवता सोडवता माझ्या लक्षात आलं, की ओठ सोडवायची गरज नाही. तो उलटा वापरता येईल.

फायनल केडगावला झाली, निमोणे विरुद्ध दौंड. सणसवाडीच्या मुली सुट्टी टाकून टेम्पोनं आल्या होत्या आणि दोन्ही टीमना सारख्याच शिव्या घालत होत्या. मी ओठ चावून वेगात बॉल टाकत होते. शेवंता हळू बॉलची वाट बघत थांबायची आणि बॉल केव्हाच स्टेलाच्या जागी बसलेल्या आमच्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये. तिसऱ्यांदा असं झालं, तेव्हा मी कडेला बघितलं. आप्पा हसू दाबत होते. पण स्टेलानंही आमच्या दौंडच्या मुलींना डोकं वर काढू दिलं नाही. पळून पुढचा बेस चोरू बघणाऱ्या आमच्या दोन मुली तिनं बसल्या जागेवरून बॉल फेकून बाद केल्या. एक-एक अशी बरोबरी झाली आणि मॅच जादा इनिंगमध्ये गेली.

निमोण्याची जावई दुसऱ्या बेसवर उभी राहिली. मी तिला तिथून हलू दिलं नाही. मग आमची पाळी. आधीच्या इनिंगला शेवटी बाद झाले होते मी. त्यामुळं दुसऱ्या बेसवर जावई म्हणून उभी राहिले ती मीच. आप्पांनी दुसरीकडं तोंड फिरवलं.

आमच्या एका मुलीनं बॉल उजवीकडं लांब मारला. मी पळाले. तिसरा बेस ओलांडला तेव्हा समोर स्टेला उभी होती, आणि तिची नजर माझ्या डोक्यावरून येणाऱ्या बॉलवर. मी अंग झोकून दिलं. बॉल तिच्या ग्लोव्हमध्ये आल्याचा आवाज झाला, ग्लोव्ह माझ्या पायाकडं आला, आणि सगळीकडं धूळच धूळ. मी बेसवर पोचायच्या आत ग्लोव्ह मला लागला असेल तर मी बाद, नसेल तर रन; अंपायर बुचकळ्यात पडला. तो दोन्हीकडं बघायला लागला. दोन्ही टीम ओरडत होत्या.

आप्पा मैदानात आले. "स्टेला," ते म्हणाले, "लागला का न्हाई?"

स्टेला गुडघ्यावर बसलेली, तोंडभर माती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, आप्पांकडं बघितलं. "नाही लागला, आप्पा. बोटभर राहिला."

"मग झालं की," आप्पा अंपायरला म्हणाले आणि वळले.

दौंड जिंकलं. मला आनंद झाला आणि त्या आनंदाला कुठं ठेवावं ते कळेना. त्या दिवशी निमोण्याच्या मुलींना कुणालाच वाक्य मिळालं नाही. अक्का नंतर सांगत होत्या, दोन दिवस ह्या माणसानं म्हशीशीसुद्धा शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे धार काढता काढता एकदम म्हणाले, "पोरगी खरं बोलली." आणि मग त्यांना भूक लागली.

त्या फायनलला जिल्ह्याच्या निवडीची माणसं आली होती. माझी आधी जिल्ह्याच्या, मग राज्याच्या संघात निवड झाली आणि पुण्यात शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. गावानं सत्कार ठेवला. भाषण करणाऱ्यांपैकी एकानं सांगितलं, की आप्पांनी आपल्या टीमचं नुकसान सोसून, ह्या पोरीचं भलं व्हावं म्हणून तिला दौंडला पाठवलं. हा त्याग गाव विसरणार नाही. टाळ्या झाल्या. माझेही डोळे भरून आले, कारण इतके दिवस मीही मनातून असंच धरून चालले होते. राग केव्हाच गेला होता, आणि त्याच्या जागी ही गोष्ट येऊन बसली होती.

आप्पा खुर्चीतून उठले. माइक नको म्हणाले. "तसलं काय न्हाई. मला कॅचर पायजे होता. डावीचं भलं झालं ते तिच्या हातानं झालं. आन् अजूनबी सांगतो," इथं ते मुलींच्या रांगेतल्या स्टेलाकडं वळले, "सौदा माझ्याच फायद्याचा झाला."

सभा हसली. मीही हसले, थोडं उशिरा. घरी जाताना नाना म्हणाले, "हा माणूस कुणाला बरं वाटावं म्हणून एक शब्द बोलंल तर शप्पथ." पण मला त्याच रात्री शांत झोप लागली. कुणी माझ्यासाठी काही सोडलेलं नव्हतं. मला कुणाचं काही फेडायचं नव्हतं.

पुण्याला निघाले त्या सकाळी त्यांना भेटायला गेले, तर ते अंगणात ग्लोव्ह घालून उभेच होते. "टाक," म्हणाले. मी हलका टाकला. त्यांनी बॉल परत फेकला आणि मान हलवली. मग मी होता तेवढा जोर लावला. आठ-दहा बॉल झाले. त्यांनी ग्लोव्ह काढला, तळहात लालबुंद. तो त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन अक्कांना दाखवला, नवी वस्तू दाखवावी तसा. एसटीची वेळ झाली होती.

आप्पा गेले ते पुढच्या वर्षी, भाद्रपदात. धार काढून उठले, चरवी कट्ट्यावर ठेवली आणि खांबाला धरून बसले, ते पुन्हा उठले नाहीत. मी तेव्हा राज्याच्या संघाबरोबर बाहेर होते. मला चार दिवसांनी, शेवटची मॅच झाल्यावर कळलं. मी तडक निमोण्याला आले आणि अक्कांवर चिडले, की कळवलं का नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यांना इचारता आलं असतं, तर म्हणले असते, सांगा तिला. मी न्हाई सांगितलं. माझी मर्जी." मग त्यांनी मला जवळ बसवलं आणि जेवायला वाढलं. मी कुठल्या हातानं जेवते ह्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

दिवाळीनंतर लीग पुन्हा सुरू झाली. निमोण्याची टीम आता स्टेला बघते. पहिल्या रविवारी मी कॉलेजातून मुद्दाम आले. सणसवाडीविरुद्ध मॅच होती. मैदानाच्या कडेला बसले होते, तर समोरून अक्का येताना दिसल्या, डोक्यावर पदर, हातात घरून आणलेलं बसकर. मी कधी त्यांना मैदानावर बघितलंच नव्हतं. त्या बसकर अंथरून माझ्या शेजारी टेकल्या.

"डावे," त्या म्हणाल्या, "इतकी वर्सं माझ्या घरात ह्यो खेळ हाय. त्यांनी कवा समजून सांगितला न्हाई, मी कवा इचारलं न्हाई. आता तू सांग. ह्यात जिंकतं कोण आन् कसं?"

मी सांगायला लागले. पिचर कोण, कॅचर कोण. ती चार पोती कशासाठी. सगळी फिरून परत आली की एक रन. तीन जणी बाद झाल्या की पाळी बदलली. अक्का प्रत्येक गोष्टीला "व्हय" म्हणत आणि पुढं विचारत. बॉल उंच गेला आणि कुणी हवेत धरला, तर मारणारी बाद. आणि बेसवर उभी असलेली? तिनं बॉल हातात बसेपर्यंत बेस सोडायचा नाही. आधी पळाली तर तीही बाद, पण समोरच्या टीमनं तसं अंपायरकडं मागावं लागतं. नाही मागितलं, तर चालून गेलं.

"मागावं लागतं," अक्का स्वतःशीच म्हणाल्या.

दोन इनिंग अशाच गेल्या. तिसऱ्या इनिंगला सणसवाडीच्या मुलीनं बॉल उंच टोलवला. शेवंतानं तो धावत जाऊन धरला. सगळं मैदान तिच्याकडं बघत होतं, मीही. तेवढ्यात बेसवरची मुलगी पळत आत आली आणि सणसवाडीच्या मुली नाचायला लागल्या.

"ती लवकर पळाली," अक्का म्हणाल्या.

"काय?"

"बॉल अजून वर होता. तिनं पोतं सोडलं. मी तिच्याकडंच बघत होते."

मी काही म्हणायच्या आत अक्का उठल्या. त्यांनी पदर खोचला आणि मैदानाकडं तोंड करून, शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी तशी हाक मारली, "ए स्टेला. अंपायरला माग. ती लवकर पळालीय."

स्टेलानं वळून बघितलं. क्षणभर तिला कुणाचा आवाज ते कळलं नाही. मग तिनं बॉल मागून घेतला, त्या मुलीनं लवकर सोडलेल्या पोत्यावर पाय ठेवला आणि अंपायरकडं हात केला. अंपायरनं थोडा विचार केला. त्यानंही ते पाहिलं असावं. त्यानं मूठ वर केली. बाद.

सणसवाडीच्या मुली हिंदीत ओरडायला लागल्या. अक्का पुन्हा बसकरावर बसल्या, गुडघ्यावरची माती झटकली आणि माझ्याकडं वळल्या.

"हं," त्या म्हणाल्या, "पुढं सांग."